उडत्या रोहितांची छायाचित्रे

उजनी धरणाच्या फुगवट्यावर नावेतून टिपलेली रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. बहुतेकांत थवा उडताना दिसतो. पंखांवरचा गुलाबी-लाल रंग आणि काळी उड्डाणपिसे तेव्हाच नीट दिसतात, हे मान्य. पण थवा उडाला का? पुष्कळदा नाव फार जवळ गेली म्हणून. चरणारा पक्षी उठवला की त्याचे खाणे थांबते, शिवाय उडण्यात शक्ती खर्च होते. चौकटीत नाव मात्र येत नाही!

आम्हांला चरणाऱ्या रोहिताचे साधे चित्र अधिक मोलाचे वाटते. डोके उलटे, चोच पाण्यात. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन चिखलपाणी आत ओढते नि बाहेर ढकलते; चोचीच्या कडांवरील गाळणीत बारीक जीव अडकतात. नाव दूर थांबवून, पाण्यालगत बसून घेतलेल्या चित्रात ही उलटी चोच स्पष्ट येते. कयाक तर नावेहून ठेंगणी; पण पक्ष्यांच्या लेखी तीही आगंतुकच.

सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांनी असे चित्र वर्गात लावले, तर मुलांना माना मोजायला सांगावे: किती खाली, किती ताठ? ताठ माना जास्त भरल्या, तर नाव बहुधा फार जवळ आली होती.