‘चांगला गातो’ : विशेषण की क्रियाविशेषण?

मराठीच्या शालेय व्याकरणांत विशेषण विकारी व क्रियाविशेषण अविकारी मानण्याचा प्रघात आहे. त्यावरून ‘बदलते ते विशेषण, बदलत नाही ते क्रियाविशेषण’ अशी सोपी खूण विद्यार्थी मनाशी धरतो. ही खूण कितपत टिकते, हे तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळासंबंधी सहज बोलल्या जाणाऱ्या वाक्यांवरून तपासता येते.

‘गोंधळी चांगला गातो’, ‘आराधीण चांगली गाते’, ‘गोंधळी आरती चांगली म्हणतो’, ‘गोंधळ्याने देवीला चांगले आळवले’. चारही वाक्यांत चांगलेपणा क्रियेचाच आहे. गाणाऱ्याच्या स्वभावाविषयी येथे काहीच सांगितलेले नाही. तरीही विकार पहिल्या दोन वाक्यांत कर्त्याप्रमाणे, तिसऱ्यात कर्माप्रमाणे होतो आणि चौथ्यात पद नपुसकलिंगी एकवचनी राहते. संस्कृतात क्रियाविशेषण सामान्यतः नपुसकलिंगी द्वितीया एकवचनात येते. हिंदीत ‘लडकी अच्छा गाती है’ असे अविकृत रूप चालते. मराठीची रीत या दोहोंहून निराळी आहे. अर्थात विकार हे विशेषणाचे लक्षण मानल्यास अतिव्याप्ती होते.

उलट बाजूही तितकीच दुबळी आहे. ‘उंच’ हे विशेषण मुळातच अविकारी. ‘गोंधळ्याने उंच दिवटी धरली’ येथे उंची दिवटीची. ‘गोंधळ्याने दिवटी उंच धरली’ येथे ती धरण्याची. रूप एकच, भेद केवळ स्थानाचा.

परंतु स्थानही अंतिम प्रमाण नव्हे. ‘ज्योत मोठी केली’ आणि ‘आरती चांगली म्हटली’ यांत स्थान व विकार सारखेच आहेत. मात्र पहिल्यातून ‘ज्योत मोठी झाली’ हे निष्पन्न होते. दुसऱ्यातून ‘आरती चांगली झाली’ म्हटले, तरी तो आरतीच्या रचनेचा नव्हे, म्हणण्याचाच गुण ठरतो. म्हणून ‘मोठी’ हे विधिविशेषण आणि ‘चांगली’ हे क्रियाविशेषण. ‘कमान चांगली बांधली’ अशा वाक्यात दोन्ही अर्थ संभवतात. तेथे एकाचाच हट्ट न धरता संदिग्धता मान्य करणे हेच शास्त्रशुद्ध होय.

तात्पर्य, विकार हा रूपविचाराचा विषय असून विशेषणत्व व क्रियाविशेषणत्व हा वाक्यातील संबंधाचा विषय आहे. जात सुट्या शब्दाची नव्हे, प्रयोगाची ठरवावी लागते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ला (1911) शतक उलटले, अरविंद मंगरूळकरांच्या ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या ग्रंथालाही (1964) सहा दशके झाली. तरी रूपावरून जात ओळखण्याची सवय वर्गातून गेलेली नाही. ‘चांगली गाते’ यातील ‘चांगली’ला केवळ ईकारामुळे विशेषण ठरविणारा विद्यार्थी वाक्याचा अर्थच चुकीचा लावतो, दोष त्याचा नसून त्याला दिलेल्या लक्षणाचा आहे.