साथ आणि जागा

साथ करणारा माणूस समोर बसलेला असतो, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्याविषयी विचार करण्याची वेळच कधी येत नाही. तबलजी गवयाच्या तोंडाकडे पाहतो, गवई त्याच्याकडे पाहून मान हलवतो, आणि पेटीवाला त्या दोघांमधून आपली वाट काढतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र साथीचा एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. कोणी एक जण आपले गाणे, किंवा नुसती एक सुरावट, ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवतो. यात कुणी सारंगी भरील का, अशी विनंती करतो. आणि कधी न पाहिलेला कुणी परदेशस्थ घरी बसून आपला भाग वाजवतो व त्यात घालतो. बँडलॅबसारख्या ठिकाणी तर गाणाऱ्याने मुभा दिली की कुणीही त्या गाण्याची प्रत घेऊन तीत भर घालावी. मूळ गाणे शाबूत राहते. या प्रकाराला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. पण त्यातून निघालेल्या सगळ्याच कौतुकांना संगीत म्हणण्याची माझी तयारीही नाही.

वाचकांपैकी काहींची अशी समजूत असेल की हे लोक एकाच वेळी, आपापल्या देशात बसून वाजवतात. तसे नाही. दोन वादकांमधला उशीर सेकंदाच्या सुमारे २५-३० सहस्रांशांपुढे गेला की लय डळमळू लागते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, आणि मुंबईहून लंडन सरळ रेषेतदेखील सात हजारांवर किलोमीटर आहे. म्हणजे तार दोरीसारखी ताणली तरी एका बाजूच्या प्रवासातच ३५ सहस्रांश खर्ची पडले. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक पडतात. तेव्हा एकाने आधी वाजवायचे, दुसऱ्याने मागाहून. दुसरा पहिल्याला ऐकतो. पहिल्याला दुसऱ्याची चाहूलही नसते. जी देवघेव म्हणजे साथीचा जीव, ती इथे एकाच बाजूने वाहते. या उणिवेचे कुणी काय केले, यावर मी त्या कामाची किंमत ठरवते.

२००३ साली अमेरिकेत 'गिव्ह अप' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो यंत्रांवर वाद्यसंगीत रचून सिॲटलच्या बेन गिबर्डकडे टपालाने पाठवी. गिबर्ड त्यात काटछाट करी, आपला आवाज भरी आणि परत धाडी. जोडीने नावच 'द पोस्टल सर्व्हिस' असे घेतले. त्यावर तिथल्या टपालखात्याने हरकत घेतली, पुढे समेट झाला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते 'परत धाडी' हे. पत्राला उत्तर येत होते. घाई नव्हती, पण संवाद होता.

याच्या उलट एरिक व्हिटेकर या संगीतकाराचा 'व्हर्च्युअल क्वायर' पाहा. २०१० साली १२ देशांतल्या १८५ गायकांनी 'लक्स ऑरमक्वे' ही त्याची रचना आपापल्या घरी गाऊन पाठवली, आणि ते तुकडे जोडून एक वृंदगान उभे केले. व्हिटेकरने आपले हातवारे आधी संपूर्ण शांततेत चित्रित केले होते. संगीत फक्त त्याच्या डोक्यात वाजत होते. पुढच्याच वर्षी गायकांचा आकडा दोन हजारांवर गेला. ऐकायला ते गोड आहे, धुक्यासारखे गोड. पण वृंदात गाणारा माणूस शेजारणीचा सूर ऐकून आपला सूर किंचित सावरून घेतो. इथे कुणाला शेजारच नाही. १८५ मधला एक काढून घेतला तर कुणाला कळेल? ज्याच्या गावात गायला दुसरे माणूस नाही त्याला यातून केवढा आधार मिळाला असेल हे मी जाणते. परंतु आधार ही एक गोष्ट आणि रचना ही दुसरी.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी कारकुनी करतो आणि रात्री चाली बांधतो. त्याने आपली एक चाल अशीच साथीसाठी ठेवली. सहा महिने कुणी फिरकले नाही. मी ऐकली तर पेटी, तबला, बासरी आणि मागे तंतुवाद्यांचा भरगच्च पडदा, सगळे त्यानेच संगणकातून भरलेले! आलेल्या पाहुण्याने बसावे कुठे? मग त्याने नुसती पेटी ठेवली, आणि पोलंडहून एक व्हायोलिन आले. ते समेच्या जरा अगोदरच उतरत होते. आठवडाभर त्याचा जीव खालीवर होत होता. आपण होऊन बोलावलेल्या परक्याला नको कसे म्हणायचे? आणि ठेवले तर चाल आपली उरते का? शेवटी त्याने व्हायोलिन तसेच ठेवले आणि पेटी पुन्हा वाजवली, त्या व्हायोलिनला धरून. चाल थोडी निराळी झाली. माझ्या मते बरी झाली.

गाण्यात 'जागा घेणे' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. परक्या साथीत 'जागा ठेवणे' तितकेच अवघड. एअरड्री या स्कॉटलंडमधल्या गावच्या नेथन इव्हान्सने ती ठेवली. हा तेव्हा व्यवसायाने पोस्टमन होता (टपालाशी या कलेचे काही गूढ नाते असावे!). २०२० च्या डिसेंबरअखेर त्याने टिकटॉकवर 'वेलरमन' गायले. न्यूझीलंडच्या देवमासे मारणाऱ्यांचे हे जुने गाणे. साखर, चहा आणि रम घेऊन येणाऱ्या गलबताची वाट पाहणारे. आपल्याकडे टिकटॉक त्याच वर्षीच्या जूनमध्ये बंद झाले होते, तेव्हा बहुतेकांनी हे इतरत्रच ऐकले. कुणी खाली खर्जाचा आवाज लावला. त्यावर आणखी आवाज आले. कुणी फिडल घातले. प्रत्येक जण आधीच्या सगळ्यांना ऐकत होता. पहिला गाणारा उत्तर देऊ शकत नव्हता हे खरे, पण गाणेच असे की एकाने ओळ टाकावी आणि घोळक्याने ध्रुवपद उचलावे. जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या जावेसाठी ओवी थांबते, तसे ते थांबते. उत्तराची सोय चालीतच होती. म्हणून खर्जाचा तो आवाज नसलेले मूळ गाणे आता मला अपुरे वाटते. 'लक्स ऑरमक्वे'मधल्या एकाही गायकाविषयी मला असे म्हणता येणार नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये 'वेलरमन' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पण ते नृत्याचा ठेका चढवलेले रूप होते. प्रत्येक फट त्या ठेक्याने लिंपून टाकलेली. ते मी दोनदा ऐकले. तिसऱ्यांदा लावावेसे वाटले नाही.