बिनखिडकीची खोली आणि समुद्र

दिवाळी अंकात प्रवासवर्णन नसले तर फराळाच्या ताटात चकली नसल्यासारखे वाटते. एके काळी ही वर्णने विलायतेची असत. मग काश्मीर आले, केरळ आले. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. मुंबईला आगबोटीत बसायचे, दोन रात्री समुद्रावर काढायच्या, जमल्यास गोवा पाहायचा आणि रजा संपायच्या आत कामावर हजर व्हायचे. या सफरीला क्रूझ म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली व पुढे बंद पडली. २०२१ च्या सप्टेंबरापासून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सुरू झाल्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरातूनही माणसे रात्रीची देवगिरी पकडून या बोटी गाठू लागली आणि आल्यावर लिहूही लागली. या लिखाणाची थोडी परीक्षा करावी, असे माझ्या मनात आहे.

पहिली गोष्ट ही की, ही वर्णने एकाच छापाची असतात. जेवणाचे पदार्थ किती होते, नाच-गाणे रात्री कितीपर्यंत चालले, पोहण्याचा हौद केवढा होता, खोलीतला पलंग कसा होता, हे सर्व त्यांत येते. समुद्र मात्र ‘अथांग’ आणि ‘निळाशार’ या दोन शब्दांत आटोपतो. हे शब्द लेखकाने बोटीवरून आणलेले नसतात. ते कंपनीच्या जाहिरातीत आधीच छापलेले असतात. जाहिरात वाचून माणूस गेला, आणि परत येऊन त्याने तीच जाहिरात पुन्हा लिहिली, असे झाले.

यात समुद्रापासून दूर राहण्याचा दोष नाही. आम्हां मराठवाड्याच्या लोकांना सागर म्हटला की पैठणचा नाथसागर आठवतो, आणि तो तर धरणाचा जलाशय! तरी समुद्राचे एक उत्तम वर्णन आमच्याच गावात आहे. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या सातव्या लेण्यात, दाराशेजारी, अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. आठ महाभयांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. त्यांत आग आहे, हत्ती आहे, सर्प आहे, आणि एक संकटात सापडलेली नावही आहे. हे लेणे सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचे. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या त्या पाथरवटाने नावेची शोभा दाखवली नाही, नावेतल्या माणसांची अवस्था दाखवली. वर्णनाचे मर्म त्याला कळले होते.

हेच मर्म आपल्या जुन्या प्रवासग्रंथांतही आढळते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते काही हवापालटासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळण्याची आशा होती. पुढे बंडाच्या धामधुमीत सापडून त्यांनी जे पाहिले, ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापले गेले. १८८३ साली पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला गेल्या. पंचविशीतली विधवा बाई. तो प्रवास त्यांनी पत्ररूपाने लिहिला आणि तो त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. भटजींचा रस्ता जमिनीवरचा, बाईंचा पाण्यावरचा. पण दोघांनाही गरज होती, आणि गरज असलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात.

मग यावर कोणी म्हणेल की, मास्तर, आम्ही का कर्ज फेडायला जातो? दोन दिवस मौज करायला जातो, त्यात तुमचे काय बिघडले? काहीच बिघडले नाही. वर्षभर पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घराने दोन रात्री गाण्यात घालवल्या तर नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण स्वस्त सफरीलाही एक गरज चिकटलेली असते, आणि ती म्हणजे पैशाची. नेमकी तीच आपले लेखक लपवतात. जाहिरातीतले भाडे माणशी असते आणि तेही एका खोलीत दोघे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, कर, किनाऱ्यावरची सहल असे आकडे चढत जातात. हा हिशेब करताना नवरा-बायको रात्री किती वेळ जागी होती, मुलांच्या कोणत्या वस्तूवर काट मारली, हे कोणी लिहीत नाही. तेवढे लिहिले तरी वर्णनाला जीव येईल.

सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. बोटीवरची सर्वांत स्वस्त खोली बहुधा आतल्या बाजूची असते आणि तिला खिडकी नसते. त्याहून जास्त पैसे मोजले की खिडकी, आणखी मोजले की सज्जा. म्हणजे समुद्र पैशाप्रमाणे वाटून दिलेला असतो.

कोकणच्या जुन्या बोटीवर याच्या उलट होते. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. ज्याच्यापाशी पैसा तो केबिनमध्ये झोपे. बाकीचे डेकवर वळकट्या पसरीत. वारा, खारे पाणी, कोंबड्यांच्या खुराड्यांचा वास, ओकाऱ्या आणि डोक्यावर तारे, हे सर्व गरिबाच्या भाड्यात बसे. बंदर आले की पडावात उतरताना लाटेचा हिसका कळे. त्यात मौज कमी आणि धास्ती पुष्कळ. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली; त्या किनाऱ्यावर ती आठवण अजून पुसलेली नाही. म्हणून जुन्या बोटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती वाहतूक मागे पडली. पण तिच्यावर सर्वांत कमी भाडे देणारा समुद्राच्या सर्वांत जवळ असे. आज तोच सर्वांत आत असतो, आणि आमचे प्रवासवर्णनही त्याच आतल्या खोलीत दिवा लावून लिहिलेले असते.

याला अपवाद मला छापील पानावर सापडला नाही, शाळेच्या वहीत सापडला. दिवाळीच्या सुटीवर निबंध लिहायला सांगितला होता. नववीतल्या एका मुलीने अशाच बोटीवर अडीच पाने लिहिली. त्यांत पहिली दोन आइस्क्रीम आणि जादूचे प्रयोग यांनी भरलेली. शेवटच्या अर्ध्या पानात तिची आजी आली. खोलीत शिरल्याबरोबर आजीने चारही भिंती हाताने चाचपल्या आणि विचारले, “समुद्र कुण्या अंगाला हाय गं?” मुलीला सांगता येईना. पहाटे ती आजीला घेऊन वरच्या डेकवर गेली. लांब कोळ्यांच्या होड्यांचे दिवे होते. आजी म्हणाली, “रातभर पाण्यात हायेत का ही माणसं? आन् त्यांची लेकरं?” मुलीने पुढे एवढेच लिहिले होते की, त्यानंतर जेवणाच्या दालनात तळलेली मासळी आली, तेव्हा आजी ताटाकडे बघत बसली.

या अर्ध्या पानात आगबोट आहे, पैसा आहे, किनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावर पोट भरणारी माणसेही आहेत. बोट त्या गावांवरून जाते आणि तिथे थांबत नाही, हे मुलीने कुठेच म्हटलेले नाही, तरी ते वाचणाऱ्याला कळते. मुलीला ‘अथांग’ हा शब्द सुचला नाही, कारण ती आजीचे बोलणे ऐकत होती.

तेव्हा वाचकहो, यंदा किंवा पुढल्या वर्षी जाण्याचा बेत असेल तर खुशाल जा. पावसाळा टाळा. खोली स्वस्तातलीच घ्या; ती झोपण्यापुरती असते, आणि वरचा डेक सर्वांना मोकळा असतो. पहाटे अर्धा तास तिथे उभे राहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या आणि ते काय म्हणते ते ऐका. परत आल्यावर लिहिलेत तर भाड्याचा आकडाही लिहा. असे वर्णन एखाद्या दिवाळी अंकात आले, तर फराळ बाजूला ठेवून मी ते आधी वाचीन.