दानापूरचा आठवडा : हेन्री मार्टिनच्या रोजनिशीचा रूपबंध

मिशनऱ्यांच्या रोजनिश्या प्रामुख्याने दोन प्रकारे वाचल्या गेल्या आहेत : श्रद्धावंतांनी संतचरित्राची कच्ची सामग्री म्हणून आणि वसाहतवादाच्या अभ्यासकांनी सत्तेचा पुरावा म्हणून. या लेखनाला स्वतःचा असा रूपबंध नाही, हे दोन्ही वाचनांत गृहीतच धरलेले असते. हेन्री मार्टिन (१७८१-१८१२) याच्या दानापूर येथील नोंदींपुढे हे गृहीतक टिकत नाही. त्या नोंदींचे एकक आठवडा हे आहे. आणि रविवार व उरलेले सहा दिवस यांच्यात जो अबोल विरोध आहे, त्यातच त्यांचे वाङ्मयीन मोल आहे.

केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८०१ साली पहिला आलेला, पुढे चार्ल्स सिमियनचा सहायक झालेला हा तरुण १८०६ मध्ये कलकत्त्यास उतरला व वर्षअखेरीस दानापूरच्या छावणीत रुजू झाला. त्याचे वय तेव्हा पंचवीस होते. काटेकोरपणे पाहता तो मिशनरी नव्हेच. तो ईस्ट इंडिया कंपनीचा पगारी चॅपलेन होता. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना अधिकृत वाट मोकळी झाली ती १८१३ च्या सनदेने. शिवाय १८०६ चे वेल्लोरचे बंड ताजे असल्याने एतद्देशीयांना उपदेश करणारा पाद्री ही कंपनीच्या दृष्टीने काळजीचीच बाब होती.

मार्टिनपुढे आदर्श होता तो डेव्हिड ब्रेनर्डच्या रोजनिशीचा. जोनाथन एडवर्ड्सने १७४९ मध्ये संपादित केलेले हे पुस्तक प्युरिटन आत्मपरीक्षणाच्या परंपरेतले आहे. या परंपरेत रविवार हा आठवड्याचा मापदंड असतो. दानापूरचा रविवार मात्र चमत्कारिक होता. चर्चची इमारत नसल्याने बराकीत ढोलावर पोथी ठेवून प्रार्थना वाचायची. शिपायांना बसायला जागा नाही, तेव्हा प्रवचन गाळावे अशी सूचना! मग सैनिकांच्या घरांतील देशी स्त्रियांसाठी हिंदुस्थानी प्रार्थना, रुग्णालयातील फेरी, आणि संध्याकाळी निवासस्थानी येणारे मोजके शिपाई. इतके वेगवेगळे श्रोते असूनही या नोंदी एकसुरी वाटतात, कारण निवेदकाला निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. अहंकार झाला, आळस झाला, ईश्वराचे विस्मरण झाले : दिवस कसाही गेला तरी निवाडा हाच.

इतर दिवशी घरात मुन्शी असतो आणि चित्र पालटते. नव्या कराराच्या हिंदुस्थानी भाषांतरात मार्टिनला साहाय्य करणारा मिर्झा फित्रत हा काही नवशिका नव्हता. फोर्ट विल्यममधील आधीच्या भाषांतराचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. १८०७ च्या अखेरीस सबात हा अरब येऊन मिळाला. ज्याला शिकवायचे तोच येथे शिक्षक होतो. पगार मार्टिन देतो, परंतु अमुक शब्दप्रयोग चालेल की नाही, हे मुन्शी ठरवतो. ख्रिस्ताच्या ईश्वरपुत्रत्वावरचे आक्षेपही याच मेजावर निघतात आणि निवेदकाला ते मिटवता येत नाहीत. सबातच्या गर्वाच्या व रागाच्या हकिकतींत तर नोंद आपले गांभीर्य विसरून जवळजवळ प्रहसनाच्या अंगाने जाते.

या मोकळेपणाचे श्रेय मार्टिनच्या उदारपणाला देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. कारण त्या वाङ्मयप्रकारातच आहे. आत्मपरीक्षणाची रोजनिशी स्वतःच्या अपराधाचा हिशेब मागते. वादात आपल्याला संताप आला, हे पाप नोंदवायचे तर संताप कशाने आला हे सांगावे लागते. आणि ते सांगताना मुन्शीचा युक्तिवाद नोंदीत शिरतो. बाख्तीनच्या परिभाषेतील संवादात्मकता येथे कबुलीजबाबाच्या मागील दाराने येते. अर्थात तो युक्तिवाद आपल्यापर्यंत मार्टिनच्या इंग्रजीतूनच पोहोचतो, हे विसरता येत नाही. आणि रविवारी दुपारी जमणाऱ्या त्या स्त्रियांना हेही भाग्य नाही. त्या श्रोत्या आहेत, त्यांची संख्या आहे. त्यांच्याशी वाद होत नाही, म्हणून नोंदीत त्यांचा शब्दही नाही.

जॉन सार्जंटने १८१९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात या सामग्रीची मांडणी मृत्यूच्या दिशेने झाली. सॅम्युअल विल्बरफोर्सने १८३७ मध्ये रोजनिशी व पत्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली, तोवर संताची प्रतिमा रूढ झालेली होती. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ (१८४७) मधील सेंट जॉन रिव्हर्स हा त्या प्रतिमेचा वंशज मानला जातो. ब्राँटेच्या वडिलांना केंब्रिजमध्ये आर्थिक साहाय्य मिळावे म्हणून १८०४ मध्ये मार्टिननेच रदबदली केली होती, तेव्हा हा तर्क निराधार नाही. पण कादंबरीत झालेला एक पालट लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे भारत न पाहिलेला रिव्हर्सच जेनला हिंदुस्थानी शिकवतो. मुन्शी कुठेच नाही. अखेरच्या पृष्ठांवर त्याचे मरणोन्मुख पत्र येते, भारतातील एकही दिवस येत नाही. ब्राँटेला मार्टिनचा रविवार अचूक कळला होता. सोमवार तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

वसाहतोत्तर समीक्षेनेही तो पुरेसा पाहिलेला नाही. होमी भाभा यांचा १८१७ मधील दिल्लीजवळच्या प्रसंगावरचा प्रसिद्ध निबंध (१९८५) आनंद मसीह व झाडाखाली जमलेले लोक यांच्या संवादावर उभा आहे. तेथील प्रश्न मर्मभेदी आहेतच. परंतु तो मजकूर मिशनच्या नियतकालिकात छापलेला, वर्गणीदार वाचकांसाठी सिद्ध झालेला आहे. दानापूरच्या मेजावरचा वाद असा कोणा वर्गणीदारासाठी लिहिलेला नव्हता. आणि तेथे प्रतिकार ग्रंथाला नाही, एकेका शब्दाला आहे.

१८११ च्या आरंभी मार्टिन कलकत्त्याहून मुंबईस निघाला. पुण्याला निघालेला एल्फिन्स्टन त्याच जहाजावर होता. वाटेत गोव्यात झेवियरची कबरही पाहून झाली. मराठी वाचकाला या पानांचे कुतूहल वाटणे साहजिक आहे, पण सबात मागे राहिलेला आहे आणि नोंदी प्रवासवर्णनाकडे झुकतात. शेवटची नोंद ६ ऑक्टोबर १८१२ ची. त्यानंतर दहा दिवसांनी तो तोकात येथे मरण पावला, म्हणून चरित्रकारांनी तिला निरोपाचे रूप दिले. प्रत्यक्षात ती मंगळवारची नोंद आहे : घोडे मिळाले नाहीत, म्हणून बागेत बसून राहावे लागले.