टिळकांचा दरबार आणि आपले देऊळ

अध्यात्म, धर्म आणि ख्रिस्तीपण हे तीन शब्द आपण प्रवचनातसुद्धा एकाच अर्थाने वापरून मोकळे होतो. त्यांतील भेद समजून घ्यावयाचा, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्राकडे पुन्हा वळावे लागते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. तो लोहमार्ग आमच्या तिरोड्यावरूनच जातो.

टिळकांना तोवर रूढ धर्माने समाधान दिले नव्हते. स्वतःच नवा धर्म मांडावा, इथवर त्यांचे मन गेले होते. ही तळमळ म्हणजे अध्यात्म. ती कोणत्याही जातीत, पंथात उपजू शकते. डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थबकले. तेथे त्यांना मते गवसली नाहीत. एक व्यक्ती भेटली. ख्रिस्तीपणाचा आरंभ हाच. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तळमळीला मंडळी, नियम व उपासना लाभली. हा झाला धर्म.

या धर्माची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते की पतीच्या बाप्तिस्म्याने त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. ताटातूट सोसून, जातिभेद माणसाने केला हे स्वतःला पटल्यावर त्या १९०० मध्ये या मार्गावर आल्या. श्रद्धा उसनी घेता येत नाही, हे त्या पुस्तकाचे खरे मर्म होय.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभारला. ते धर्म टाकून अध्यात्माकडे परतले, असे काहींना वाटते. मला ते मान्य नाही. त्यांनी परकीय वेतन नाकारले, ख्रिस्त नव्हे. तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एकाच माणसाच्या तेजावर उभा राहिलेला समुदाय त्याच्यामागे विरतो. संस्कार आणि ख्रिस्तसभा यांची गरज तेथे कळते. उरली ती भजने, आणि लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेलेले 'ख्रिस्तायन'.

पण ही टीका आपल्यावरही उलटते. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. तरीही दाराबाहेर उभ्या असलेल्या भक्ताकडे आपण संशयानेच पाहतो. माझ्याकडील स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नावे आहेत. तहान किती जणांना आहे, हे त्या वहीत लिहिलेले नसते. टिळकांजवळ झरा होता, पात्र टिकले नाही. आपले पात्र शतकानुशतके टिकले आहे. त्यात पाणी आहे ना, हे पाहण्याचे काम प्रथम आम्हा धर्मगुरूंचे आहे.