कसरत, युद्धकला आणि प्रतिष्ठेचे माप

ज्या कलेत कसरत अधिक आणि झुंज कमी, तिला खरी युद्धकला म्हणावे काय, हा प्रश्न क्रीडाक्षेत्रातले जाणकार अधूनमधून उपस्थित करीत असतात. प्रश्न वाजवी आहे. परंतु महाराष्ट्रात तो सर्वांना सारखा विचारला जात नाही. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाला तो कुणी विचारीत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरविणाऱ्या तरुणालाही विचारीत नाही. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या मुलीला तर तो विचारण्याची गरजच कुणाला वाटत नाही. कारण तिच्या बाबतीत उत्तर आधीच ठरलेले असते. तिचा तो पोटाचा खेळ. कला नव्हे, क्रीडा नव्हे, युद्धकला तर नव्हेच नव्हे. हे उत्तर कोणत्या मापाने काढले गेले, ते तपासण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम माप निश्चित करू. युद्धकला म्हणजे दुसऱ्या माणसाशी झुंजण्याची विद्या. समोर विरोध करणारा प्रतिस्पर्धी पाहिजे, त्याचा पुढचा डाव आपल्याला ठाऊक नसला पाहिजे, आणि चुकलो तर मार लागला पाहिजे. या तीन कसोट्यांना आपल्याकडची कुस्ती उतरते. पण कुस्तीतही सगळे खरेच असते असे नाही. आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्या भाषेत 'नुरा कुस्ती' असा शब्द आहे. म्हणजे झुंज आणि झुंजीचे प्रदर्शन यांतला फरक फडावरच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या प्रेक्षकालाही पूर्वीपासून कळत होता. तो फरक कळण्यासाठी त्याला कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही.

आता हे माप मल्लखांबाला लावून पाहू. बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभाचा उल्लेख येतो आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा नावारूपाला आणली असे सांगतात. मल्लाला सरावासाठी न थकणारा जोडीदार हवा, म्हणून हा खांब. त्याच्या भागांना बोंड, मान, अंग अशी नावे आहेत, म्हणजे तो खांब प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या ठिकाणी कल्पिलेला आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग या पकडींत कुस्तीची आठवण स्पष्ट दिसते. पण एरंडेल लावलेला खांब उलटा डाव टाकीत नाही. आज मल्लखांबाच्या स्पर्धेत गुण मिळतात ते लवचिकतेला, सफाईला आणि अवघडपणाला. ही उच्च दर्जाची कसरत आहे यात शंका नाही. परंतु ती झुंज नव्हे.

मर्दानी खेळाचे काय? लाठी, फरी-गदगा, भाला, विटा, दांडपट्टा ही खरोखरीची शस्त्रे आणि ती चालविण्याची खरी विद्या होती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या सामान्य माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याला बांधले गेले. युद्धाची रीतही बदलली. ही विद्या आखाड्यांनी सांभाळली. कोल्हापूरच्या तालमींचे या बाबतीतले श्रेय कुणीही नाकारू नये. पण आज रस्त्यावर आपण जे पाहतो त्यात समोरचा माणूस शत्रू नसून साथीदार असतो. त्याच्या तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापले जाते. त्याने हात हलवायचा नाही हे आधीच ठरलेले असते. कौशल्य खरे आहे, जोखीमही खरी आहे. झुंज मात्र नाही.

आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० पासून असलेल्या चिनी वुशूमध्येही ताओलू नावाच्या प्रकारात खेळाडू उड्या आणि गिरक्या घेतो आणि परीक्षक गुण देतात. समोर झुंजणारा कोणी नसतो. तरी नाव युद्धकलेचेच राहते.

आणि डोंबारी? कैचीसारख्या बांधलेल्या बांबूंवर ताणलेली दोरी, खाली ढोलकीचा ठेका, हातात तोलाची काठी, आणि गादी किंवा जाळी काहीही नसलेली जमीन. तिथेही प्रतिस्पर्धी नाही. म्हणून तीही युद्धकला नाही. हे मी संकोच न करता म्हणतो.

म्हणजे एकच माप प्रामाणिकपणे लावले तर हे तिन्ही प्रकार एकाच बाजूला पडतात. तिन्ही शरीराची विद्या आहेत आणि तिन्ही आज प्रदर्शनाच्या कला आहेत. मग एक राष्ट्रीय क्रीडा, दुसरी शौर्याची परंपरा आणि तिसरी भीक, ही विभागणी आली कोठून?

प्रस्थापितांचे उत्तर असे असते की उगम पाहा. मल्लखांब कुस्तीतून आला, मर्दानी खेळ रणांगणातून आला, डोंबाऱ्याचा खेळ भिकेतून आला. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो, कारण माणसाची किंमत जन्मावरून ठरविण्याची हीच ती रीत आहे. येथे ती खेळांना लावली गेली आहे एवढेच. मल्लखांबाची दंतकथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. देवधरांना ही विद्या सप्तशृंगीच्या कृपेने आणि वानराच्या रूपातील मारुतीकडून मिळाली असे सांगतात. देवधर कोणा डोंबाऱ्याकडून शिकले असा माझा दावा नाही. त्याला पुरावा नाही. पण बांबूवर चढणारी, त्याच्या टोकावर तोल सांभाळणारी माणसे गावोगाव हिंडत असताना कथेला गुरू म्हणून वानर सुचला, माणूस सुचला नाही, हे त्या समाजाच्या कल्पनाशक्तीविषयी बरेच काही सांगून जाते.

भाषेची साक्ष याहून बोलकी आहे. जी उडी मराठीत प्रत्येक शाळकरी पोर मारते, तिचे नाव कोलांटउडी. कोल्हाटी जमातीचे नाव त्या शब्दात बसलेले आहे. एका जमातीच्या शरीरविद्येने मराठीला शब्द दिला. मराठीने त्या शब्दाचे काय केले? पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण 'कोलांटउडी मारली' म्हणतो, आणि फजितीच्या धडपडीला 'डोंबाऱ्याचा खेळ'. उडीतले कसब विसरले गेले. तिच्यातून अप्रामाणिकपणा तेवढा काढून घेतला. दांडपट्ट्याचीही लाक्षणिक रूपे मराठीत आहेत. पण 'जिभेचा दांडपट्टा' म्हणताना त्यात थोडा तरी धाक असतो. कोलांटउडीच्या वाट्याला तोही आला नाही.

जे भाषेत घडले तेच कायद्यात घडले. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखविणे यांच्या मिषाने सार्वजनिक ठिकाणी पैसे स्वीकारणेही बसविले. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. तेथे भीक मागण्याला गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तीत मुलांना चित्रपट, दूरदर्शन मालिका, जाहिराती आणि क्रीडा यांत भाग घेण्याची सशर्त मुभा मिळाली आणि सर्कस तेवढी वगळली गेली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी सर्कस वगळली हे योग्यच आहे. परंतु तीच उडी दूरदर्शनच्या मंचावर दिव्यांच्या झोतात मारली तर ती प्रतिभा आणि रस्त्यावर मारली तर गुन्हा, हा भेद सुरक्षिततेचा खचित नाही. दुसरीकडे २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने गटका, कळरीपयट्टू आणि थांग-ता या युद्धकलांच्या पंक्तीत मल्लखांबाला बसवून खेलो इंडिया युवा स्पर्धांत स्थान दिले. मल्लखांबाला ते मिळाले याचा आनंदच आहे. पण अशी मान्यता ही नुसती टाळी नसते. तिच्यामागे प्रशिक्षक येतो, शिष्यवृत्ती येते, प्रमाणपत्र येते, आणि महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ठेवलेल्या पाच टक्क्यांकडे जाणारी वाट येते.

मी शिकवितो त्या महाविद्यालयात डोंबारी वस्तीतून आलेला एक विद्यार्थी होता. अर्धे मैदान तो हातांवर चालून जाई. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. त्याच्या तर साऱ्या वस्तीत तो पहिला होता. म्हणून माझे त्याच्याकडे लक्ष असे. खेळाडू म्हणून फीमध्ये सवलत मिळावी असा अर्ज त्याने केला. समितीतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हा खेळ कोणत्या यादीत येतो? तमाशाला आपण सवलत देतो काय?" त्याच आठवड्यात मर्दानी खेळाच्या पथकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. अर्ज नामंजूर झाल्याचे मी त्या मुलाला सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "म्हणजे खांब वेगळा पाहिजे, एवढंच ना सर?" पुढे जिल्ह्याच्या गावी मल्लखांब शिकायला जाणे त्याला परवडले नाही.

येथे आपल्या चळवळीतल्या मित्रांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. अशा वेळी आपल्यापैकी काहींना उलट दिशेचा मोह होतो. डोंबारी-कोल्हाटी हे मूळचे लढवय्ये होते, त्यांची कसरत ही लोपलेली युद्धकला आहे, असे सिद्ध करण्याचा हा मोह. आपण मूळचे रजपूत अशा कथा अनेक भटक्या जमातींत सांगितल्या जातात. त्यामागची वेदना मी समजू शकतो. पण हा मार्ग फसवा आहे, आणि तो फसवा आहे हे आपल्याच इतिहासाने शिकविले आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई लढले. १८९२ च्या सुमारास त्यांची लष्करभरती बंद झाली. ते 'लढाऊ जाती'च्या यादीत बसेनासे झाले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे दाद मागितली, तेव्हा आपण पूर्वीचे क्षत्रिय होतो हाही युक्तिवाद त्यांना करावा लागला. पहिले महायुद्ध आले तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. या सव्वाशे वर्षांत त्या माणसांचे दंड बदलले नव्हते. गरज बदलत होती आणि गरजेप्रमाणे प्रमाणपत्र बदलत होते. लढाऊपणाचा दाखला देणारा हात दुसऱ्याचा असेल, तर तो दाखला परत घेण्याचा अधिकारही त्याच हाताकडे राहतो.

दलित साहित्याने ज्यांच्याशी नाते सांगितले त्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासातही हीच गोष्ट सापडते. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांत कापोएरा नावाची विद्या वाढली. तीत वाद्य आहे, गाणे आहे, हातांवर उभे राहून घेतलेल्या गिरक्या आहेत आणि पायाचा जीवघेणा फटकाही आहे. नाच की झुंज, हा प्रश्न तिला सतत विचारला गेला. १८८८ साली तेथे गुलामगिरी संपली. १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा खेळणे हा गुन्हा ठरविला. १९३२ मध्ये मेस्त्रे बिंबा यांनी साल्वादोर शहरात तिची शाळा काढली आणि १९३७ मध्ये त्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. २०१४ साली युनेस्कोने कापोएराला मानवजातीचा वारसा म्हटले. गुन्ह्यापासून वारशापर्यंतच्या या प्रवासात खेळणाऱ्यांनी गाणे सोडले नाही, वाद्य सोडले नाही. शुद्ध युद्धकला म्हणवून घेण्यासाठी त्यांनी आपल्या विद्येतला नाच कापून टाकला नाही.

डोंबाऱ्याच्या खेळाला युद्धकला म्हणू नये, असे मी म्हणतो ते या अर्थाने. त्याला उसन्या क्षत्रियत्वाची झूल कशाला? त्याची स्वतःची विद्या आहे. दोरीचा ताण हाताने अजमावणे, नजर दोरीवर न ठेवता पलीकडच्या कैचीवर ठेवणे, ढोलकीच्या ठेक्याशी पावलाची गाठ घालणे, पडायचे झाले तर कसे पडायचे हे चालण्याच्याही आधी शिकणे. या विद्येची नावे, तिच्या पायऱ्या, तिचे गुरू यांची नोंद कोण करणार? दलित साहित्याला स्वतःचे सौंदर्यशास्त्र हवे असे आपण पाच दशके म्हणत आलो. ते सौंदर्यशास्त्र छापील पानापाशी थांबणार असेल, तर ज्यांच्या हाती पाटी-पुस्तक कधी आले नाही, ज्यांचा सारा ग्रंथ त्यांच्या अंगात लिहिलेला होता, त्यांना आपणही बाहेरच ठेवले असे होईल.

याचा अर्थ सात वर्षांच्या मुलीने संस्कृतीच्या नावाने दोरीवर चालत राहावे असा कुणी काढू नये. तिची जागा शाळेत आहे. जी परंपरा लेकराच्या भुकेवर चालते तिचे गोडवे गाण्याचा हक्क पोट भरलेल्यांना नाही. पण त्या मुलीला दोरीवरून उतरविताना तिची विद्या मातीत टाकायची आणि तीच विद्या नव्या नावाने, नव्या गणवेशात, फी घेऊन दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायची, हा व्यवहार आपण उघडा पाडला पाहिजे. तिच्या शाळेला मैदान असावे, मैदानावर गादी असावी, आणि तिच्या बापाने त्या मैदानावर शिक्षक म्हणून, पगार घेऊन उभे राहावे. यासाठी कार्यकर्त्यांनी वस्त्यांत नोंदी कराव्यात, शिक्षकांनी आपापल्या क्रीडा समित्यांत याद्यांना प्रश्न विचारावेत, विद्यार्थ्यांनी हे अर्ज पुन्हा पुन्हा करावेत. ही मागणी दयेची नाही. मल्लखांबाला जे माप लावले तेच आम्हांला लावा, एवढीच ती आहे.