‘प्रिन्स’चा रिमेक : रंगरंगोटी आणि पुनर्निर्मिती

जुन्या व्हिडिओ गेमचे रिमेक सध्या दोन वाटांनी होतात. एका वाटेने मूळ खेळाला नवी चित्रे चढवली जातात; दुसरीने तो खेळ मनात का रुजला याचा शोध घेऊन त्याची नव्याने बांधणी होते. युबीसॉफ्टने जानेवारी 2026 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक रद्द केला, तेव्हा या दोन वाटांतला फरक महाराष्ट्राला जवळून जाणवला. या रिमेकचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत सुरू झाले होते.

घोषणा सप्टेंबर 2020 ची आणि प्रकाशनाची तारीख अवघ्या चार महिन्यांवरची. ट्रेलर येताच राजपुत्राच्या चेहऱ्यावर आणि निस्तेज प्रकाशयोजनेवर टीकेची झोड उठली. तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती चेहऱ्याची. खेळाच्या चालीबद्दल कोणी काही विचारले नाही.

‘प्रिन्स’ची थोरवी मात्र चालीतच आहे. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण केले आणि त्यातली एकेक चौकट संगणकावर उतरवली. 1989 च्या त्या खेळात राजपुत्राच्या शरीराला वजन आले ते यामुळे. धावत्या उडीचा निर्णय कड्याच्या आधीच घ्यावा लागे. एकदा घेतला की माघार नसे. वर साठ मिनिटांची मुदत. नव्वदच्या दशकात नाशिकसारख्या शहरांतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवरून हा खेळ शिकलेल्या पिढीच्या बोटांत ती लय अजून आहे.

2003 च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ने ही लय जपूनच वेगळा विचार मांडला. खंजिराने काळ मागे नेता येतो, म्हणून चुकलेली उडी सुधारता येते. राजपुत्र स्वतःच निवेदक असल्याने त्याचा मृत्यूही कथा सांगतानाची चूक ठरतो आणि तो ती लगेच दुरुस्त करतो. खेळण्याची रीत आणि गोष्ट सांगण्याची रीत इतकी एकजीव झालेली क्वचितच दिसते.

रंगरंगोटीच्या वाटेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 2021 च्या ‘जीटीए’ त्रयीने ‘व्हाइस सिटी’ची पात्रे विद्रूप केली, ‘वॉरक्राफ्ट 3 : रीफोर्ज्ड’ने जुन्या खेळाचीच जागा बळकावली. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ची 2018 ची आवृत्ती सुबक प्रत आहे, तेवढीच.

खरे काम ‘रेसिडेंट ईव्हिल 2’ने 2019 मध्ये केले. ठरावीक कोनांतला जुना कॅमेरा काढून तो नायकाच्या खांद्यामागे आणला. पण अरुंद व्हरांडे, अपुऱ्या गोळ्या आणि पुढच्या दाराची धास्ती तशीच ठेवली. साधने बदलली, भीती बदलली नाही. ‘फायनल फँटसी 7’च्या 2020 च्या रिमेकने याहून धाडसी पाऊल टाकले. मूळ कथानकाबाहेर पाऊल पडू नये म्हणून पहारा देणाऱ्या शक्तीच तिथे शत्रू म्हणून उभ्या राहतात. हा रिमेक आपल्या मूळ कृतीशी उघड वाद घालतो, आणि तो वाद प्रेमातून आलेला आहे.

मराठी रसिकाला हे नवे वाटू नये. नाशिकच्या शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले. पुढे ‘किंग लियर’चे दुःख घेऊन 1970 मध्ये ‘नटसम्राट’ उभे केले तेव्हा राजा, राज्य, वादळ यांतले काहीही जसेच्या तसे ठेवले नाही. तरी लियरच्या सर्वांत जवळ पोचले ते त्या नाटकाचे नायक गणपतराव बेलवलकरच. मूळ कृतीवरची निष्ठा तिच्या गाभ्यावर असावी लागते, पोशाखावर नव्हे.

ही निष्ठा पुण्यातच एका लहान स्टुडिओने दाखवली. नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’मध्ये भावाच्या शोधात निघालेली डोंबारी मुलगी भिंतींवरून धावते आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात. ‘प्रिन्स’चे ऋण त्यात लपत नाही. हा खेळही 2020 चाच. त्यात उणिवा आहेत. लढाया लवकर एकसुरी होतात. तरीही ‘प्रिन्स’चा खरा वारसा त्या वर्षीच्या चकचकीत घोषणेपेक्षा इथे अधिक सापडतो.

म्हणून रिमेकची मागणी करणाऱ्यांनी आपली मागणीच बदलली पाहिजे. अधिक ठळक चेहरे मागितले की कंपन्या चेहरेच देतात. मागायला हव्यात तीन गोष्टी : मूळ खेळ विक्रीत आणि चालू स्थितीत राहावा, बोटांत बसलेली लय समजून घेतल्याशिवाय कोणी त्याला हात लावू नये, आणि ज्यांच्याकडे काम सोपवले जाईल त्यांना पुरेसा वेळ आणि स्वतःचा अर्थ लावण्याचा अधिकार मिळावा. पुणे-मुंबईच्या कारागिरांकडून बारकाईची नक्कल मागितली गेली आणि त्यांना जोखले गेले तेही त्याच मापाने. त्यांच्याकडून ‘नटसम्राट’ मागायला हवे होते.